वाचकांचे प्रश्न : सव्वासहा मिनिटांसाठी वर्षभराची तयारी

२ ऑगस्ट २०२७, सोमवार. या दिवशीच्या खग्रास सूर्यग्रहणाबद्दल पुण्यातल्या वाचकांची बरीच पत्रं आली आहेत. दक्षिण स्पेन, मोरोक्को, अल्जीरिया, ट्यूनिशिया, लिबिया, इजिप्त, सौदी अरेबिया, येमेन आणि सोमालिया असा या ग्रहणाचा पट्टा आहे. सर्वात लांब खग्रास अवस्था इजिप्तमधल्या लक्सरजवळ आहे, ६ मिनिटं २३ सेकंदांची. सारखे प्रश्न एकत्र करून इथे उत्तरं देत आहोत.

पुण्यातूनही ग्रहण दिसणार आहे असं वाचलं. मग लाखभर रुपये घालवून इजिप्तला कशाला जायचं? (कोथरूड)

पुण्यात दिसेल ते खंडग्रास, आणि तेही छोटं. दुपार कलल्यावर चंद्र सूर्याचा थोडासाच लचका तोडेल. शिवाय ऑगस्टचा पहिला आठवडा म्हणजे पुण्यात सूर्यदर्शनच उधारीवर. ढग फाटले तर गच्चीवर जाऊन जरूर बघा, पण चष्मा लावूनच. पातळ ढगाआडचा सूर्य डोळ्यांना सुसह्य वाटतो म्हणून तो निर्धोक ठरत नाही.

तुमचा खरा प्रश्न खंडग्रास आणि खग्रास यांत एवढा फरक काय, हा आहे. त्यासाठी एक हिशेब करून बघा. सूर्य पौर्णिमेच्या चंद्राच्या सुमारे चार लाख पट तेजस्वी आहे. म्हणजे ९९ टक्के सूर्य झाकला तरी उरलेला एक टक्का चार हजार पूर्णचंद्रांइतका उजेड देतो. सूर्याभोवतीचं प्रभामंडळ मात्र फार तर एका पूर्णचंद्राइतकंच तेजस्वी असतं. चार हजारांपुढे एक कसा दिसणार? म्हणून ९९ टक्क्यांच्या ग्रहणात आकाश जरा मळकट झाल्यासारखं वाटतं आणि प्रभामंडळ दिसतच नाही. शंभर टक्के झालं की दिवसा तारे दिसतात. मधली पायरी नाही. ‘आमच्याकडे ९८ टक्के आहे, तेवढं पुरे’ असं कुणी म्हणालं तर त्याला हा हिशेब सांगा.

जायचं ठरलं तर कुठे? स्पेन सोयीचं वाटतं. (सहकारनगर)

सोयीचं आहेच, पण दक्षिण स्पेनमध्ये ग्रहण सकाळी आहे आणि जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीत सकाळी समुद्रावरचं धुकं आणि खालचे ढग यांचा धोका असतो. शिवाय किनाऱ्यावरची बरीच गावं पट्ट्याच्या कडेकडेला आहेत. समोरच्या तीरावर, मोरोक्कोतल्या तांजिरला पावणेपाच मिनिटांच्या आसपास खग्रास मिळेल. जेद्दात सहा मिनिटांच्या आसपास, पण तांबड्या समुद्राच्या दमट हवेत आकाश धुरकट असू शकतं. लक्सरला ऑगस्टमध्ये ढग जवळजवळ नसतातच. तिथली अडचण उन्हाची. कमाल तापमान चाळिशीच्या पुढे जातं आणि स्पर्शापासून मोक्षापर्यंत, म्हणजे ग्रहण लागल्यापासून सुटेपर्यंत, जवळजवळ तीन तास उघड्यावर काढायचे आहेत, तेही भर दुपारी.

आमचं मत लक्सरच्या बाजूचं आहे. उन्हावर छत्री आणि पाणी हा उपाय असतो, ढगावर कुठलाच नसतो. १९९९ च्या ऑगस्टमध्ये खग्रास पट्टा थेट महाराष्ट्रावरून गेला होता आणि तो बहुतेकांनी ढगाखालीच काढला. २२ जुलै २००९ लाही मोठी गर्दी बिहारमधल्या तरेगणाला जमली आणि तिथे ढग निघाले. वाराणसीत मात्र ग्रहण दिसलं.

सहल कंपनीबरोबर जाणार असाल तर पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा : निरीक्षणाच्या जागेचे अक्षांश-रेखांश, ती जागा पट्ट्याच्या मध्यरेषेपासून किती किलोमीटरवर आहे, आणि तिथे सावली व स्वच्छतागृह आहे का. ‘इजिप्तमध्ये ग्रहण’ एवढंच जाहिरातीत असेल तर सावध व्हा, कारण कैरो पट्ट्याबाहेर आहे आणि तिथे खंडग्रासच दिसेल. मध्यरेषेवरच पाहिजे असा हट्ट मात्र धरू नका. पट्टा सुमारे २५८ किलोमीटर रुंद आहे. मध्यापासून कडेपर्यंतचं निम्मं अंतर गेलं तरी वेळ फक्त तेरा टक्क्यांनी घटतो. खरी घसरण शेवटच्या दहा-पंधरा किलोमीटरमध्ये होते.

२०१९ च्या कंकणाकृती ग्रहणाचे कागदी चष्मे कपाटात आहेत. ते चालतील का? घरात एक्स-रे फिल्म आणि वेल्डिंगची काचही आहे. (हडपसर)

चष्म्यावर आयएसओ १२३१२-२ हे मानक छापलेलं असेल आणि फिल्मला ओरखडा, सुरकुतीची चीर, टोचल्याची खूण यांतलं काही नसेल तर चालतील. तपासायची रीत सोपी आहे. रात्री अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च लावा, चष्मा त्याच्या अगदी समोर धरा आणि फिल्मचा कोपरान् कोपरा पाहा. सुईच्या अग्राएवढा जरी ठिपका लखलखला तरी चष्मा कात्रीने कापून टाका. नुसता कचऱ्यात टाकलात तर एखादं पोर उचलून डोळ्याला लावेल. दुसरी खूण अशी की चष्मा लावून दिवसा घरात काही म्हणजे काही दिसता कामा नये. खिडकीची चौकट किंवा झाडाची आकृती दिसत असेल तर तो गॉगल आहे, ग्रहणाचा चष्मा नव्हे.

नंबरचा चष्मा असणाऱ्यांनी तो काढू नये. त्याच्यावरून पुढे कागदी चष्मा धरावा. लहान मुलांच्या नाकावर कागदी चष्मा टिकत नाही, बाजूने फट राहते आणि मूल नेमकं त्या फटीतून बघतं. मोठ्या कागदी प्लेटला चष्म्याच्या आकाराची खाच पाडून तो तिथे चिकटपट्टीने बसवा आणि मागे इलॅस्टिक लावा. मुखवटाच होतो, मुलं आवडीने घालतात आणि तोंडाला सावलीही मिळते.

एक्स-रे फिल्म नको. तिच्यातून दिसणारा उजेड कमी होतो, त्यामुळे डोळ्याची बाहुली मोठी होते, आणि अवरक्त किरण मात्र आत जात राहतात. डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाहीत, म्हणून भाजलेलं त्या क्षणी समजतच नाही. काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी वाचताना नेमकं मधलं अक्षर दिसेनासं होतं. असं झालं तर घरगुती उपाय न करता थेट नेत्रतज्ज्ञांकडे जा. काजळी धरलेली काच, सीडी, दोन गॉगल एकावर एक, हे सगळं याच रांगेतलं.

परातीतल्या पाण्यात प्रतिबिंब बघण्याची जुनी पद्धतही काही वाचकांनी विचारली आहे. पाणी वरून पडलेल्या उजेडाचा सुमारे पन्नासावा भाग परत पाठवतं. डोळ्याला चालतो साधारण एक लाखावा भाग. दोन हजार पटींची तफावत आहे, हळद घातली तरी ती भरून निघत नाही.

वेल्डिंगची काच १४ नंबरची असेल तर उत्तम. बोहरी आळीत सहज हातात पडते ती १० किंवा ११ नंबरची असते, ती आर्क वेल्डिंगसाठी ठीक, सूर्यासाठी अपुरी. दोन काचा जोडून १४ करायचा खटाटोप करू नका. नंबरांची अशी साधी बेरीज होत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : कागदी चष्मा लावून दुर्बिणीतून किंवा बायनॉक्युलरमधून सूर्य बघायचा नाही. दुर्बीण उजेड गोळा करून एका ठिपक्यात आणते. तो चष्म्याची फिल्म क्षणात भाजून पलीकडे जातो. गाळणी (सूर्याचा फिल्टर) दुर्बिणीच्या पुढच्या तोंडाला लावायची, डोळ्याकडच्या बाजूला कधीच नाही. जुन्या दुर्बिणींबरोबर भिंगाला फिरवून बसवायची छोटी काळी काच यायची, ती तापून तडकते. घरात असेल तर फेकून द्या.

शाळेत बुटांच्या खोक्याचा पिनहोल केला होता, पण मुलांना नीट काहीच दिसलं नाही. कुठे चुकलं? (निगडी, शिक्षिका)

खोकं लहान पडलं. पिनहोलमधून पडणाऱ्या सूर्याच्या प्रतिमेचा व्यास म्हणजे छिद्र ते पडदा हे अंतर भागिले साधारण १०८. बुटांचं खोकं ३० सेंटिमीटरचं, म्हणजे प्रतिमा जेमतेम पावणेतीन मिलिमीटर. मोहरीच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी. त्यात चंद्राने घेतलेला घास कुणाला दिसणार? बहुतेक जण मग प्रतिमा मोठी करायला छिद्र मोठं करतात. त्याने प्रतिमा मोठी होत नाही, फक्त पुसट होते.

लक्ष्मी रोडवरच्या कुठल्याही कापडाच्या दुकानात ठाण गुंडाळलेली पुठ्ठ्याची नळी मागा. ठाण संपलं की ती टाकूनच देतात. सव्वा मीटर लांबीची नळी असेल तर प्रतिमा सुमारे साडेअकरा मिलिमीटरची पडते. एका तोंडावर स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल सुरकुती न पडू देता ताणून बसवा आणि मधोमध सुईने सव्वा मिलिमीटरच्या आसपास छिद्र पाडा. सुई आरपार घालून फिरवू नका, कड फाटते. फॉइल पुठ्ठ्यावर ठेवून अलगद टोचा. दुसऱ्या तोंडावर आतून पांढरा जाड कागद बसवा. त्या तोंडापासून चार-पाच सेंटिमीटर वर, नळीच्या अंगाला ब्लेडने तीन बाय चार सेंटिमीटरची खिडकी कापा. खिडकीतून आतल्या पांढऱ्या कागदावर बघायचं.

सूर्याकडे पाठ करून उभं राहायचं आणि नळी खांद्यावरून मागे सूर्याकडे रोखायची. नेम धरायला वर बघायचं नाही, जमिनीवर पडलेली नळीची सावली बघायची. ती आखूड होत होत नळीच्या तोंडाएवढी गोल झाली की नळी बरोबर रोखली गेली. हीच गोष्ट मुलांना जमत नाही, म्हणून आदल्या आठवड्यात मैदानावर दोन तास फक्त याचा सराव घ्या.

पन्नास-साठ मुलं असतील तर आरसा वापरा. हातातल्या छोट्या आरशावर काळा कागद चिकटवून मध्ये एक सेंटिमीटरचं भोक ठेवा. आरसा मैदानात स्टुलावर ठेवून कवडसा पंधरा मीटर लांबच्या अंधाऱ्या वर्गातल्या भिंतीवर पाडा. तिथे चौदा सेंटिमीटरचा सूर्य दिसतो, सगळ्या वर्गाला एकदम. भोक चौकोनी असलं तरी सूर्य गोलच पडतो, त्यावर एक तास वेगळा घेता येईल. आरसा दर दोन-तीन मिनिटांनी किंचित वळवावा लागतो, कारण सूर्य दोन मिनिटांत आपल्या व्यासाएवढा सरकतो. आरशापाशी मात्र एक शिक्षक कायम हवा. नाहीतर कुणीतरी तो कवडसा मित्राच्या डोळ्यांवर मारणारच.

चाळणीचा प्रयोगही करा : तिचं प्रत्येक भोक पिनहोल होतं आणि जमिनीवर तितके सूर्य पडतात. पण चाळणी जमिनीपासून दीड-दोन मीटर उंच धरा, हातभर अंतरावर फक्त भोकांचे आकार पडतात.

माझ्याकडे क्रॉप सेन्सरचा डीएसएलआर आणि ७०–३०० ची लेन्स आहे. खग्रासचा फोटो निघेल का? (सदाशिव पेठ)

निघेल, आणि ३०० मिलिमीटर हा या कामाला अगदी योग्य आकडा आहे. सेन्सरवर सूर्याची प्रतिमा पावणेतीन मिलिमीटरची पडेल. तुमचा सेन्सर सुमारे २२ बाय १५ मिलिमीटरचा. लहान वाटेल, पण प्रभामंडळ सूर्याच्या दोन-तीन व्यासांइतकं बाहेर पसरतं आणि त्याला जागा लागते. ६०० ची लेन्स भाड्याने आणणाऱ्यांची प्रभामंडळाची टोकं कापली जातात.

तरी एक स्पष्ट सांगतो. पहिलंच खग्रास ग्रहण असेल तर कॅमेरा हॉटेलवर ठेवा. उत्तम फोटो जगभरातून त्याच संध्याकाळी मिळतील. ते नको असेल तर पुढचं वाचा.

पहिलं काम गाळणीचं. सूर्यासाठीची फिल्म दोन प्रकारची मिळते, ५.० घनतेची आणि ३.८ घनतेची. ३.८ ची फक्त फोटोसाठी, तिच्यातून डोळ्याने बघायचं नाही. घेताना ५.० चीच घ्या, प्रश्नच मिटतो. लेन्सच्या तोंडाभोवती कार्डशीटची पाच सेंटिमीटर रुंद पट्टी दोन वेढे गुंडाळून कडं करा. पुठ्ठ्याच्या दोन सारख्या चकत्या कापा, त्यांच्या मध्ये फिल्म ठेवून दुतर्फी चिकटपट्टीने जोडा आणि चकती कड्यावर बसवा. फिल्म ढिलीच राहू द्या. सुरकुत्यांनी प्रतिमा बिघडत नाही, ताणली तर मात्र बिघडते. कडं इतकं घट्ट हवं की वाऱ्याने उडू नये आणि इतकं सैल की एका बोटाने, लेन्स न हलवता, निघावं. या दोन्हींच्या मध्ये बसवायला एक संध्याकाळ जाते.

गाळणी लावून, आयएसओ १०० आणि एफ/८ वर खंडग्रास अवस्थेला सेकंदाचा सुमारे ४०० वा भाग पुरतो. खग्रास सुरू होताना गाळणी काढायची. मग एकच एक्स्पोजर बरोबर नसतं. बेलीच्या मण्यांना (चंद्राच्या खडबडीत कडेवरून चमकणाऱ्या सूर्याच्या ठिपक्यांना) ४००० वा भाग, सूर्याच्या कडेवरच्या गुलाबी सौरज्वालांना १००० वा, सूर्याला चिकटलेल्या आतल्या प्रभामंडळाला २०० वा, मधल्याला १५ वा, बाहेरच्या पिसाऱ्याला अर्धा सेकंद. ट्रायपॉडवर अर्ध्या सेकंदात सूर्य सरकून कड पुसट होते, म्हणून त्या शेवटच्या फोटोंना आयएसओ ४०० करून आठवा भाग द्या. सगळं रॉ मध्ये घ्या. स्वयंचलित फोकस आणि लेन्समधली स्थिरीकरणाची कळ बंद. फोकस सूर्याच्या कडेवर किंवा एखाद्या सौरडागावर, स्क्रीनवर दहापट मोठं करून हाताने लावा.

आता लक्सरची खास अडचण. खग्रासच्या वेळी तिथे सूर्य क्षितिजापासून ८२ अंशांवर, जवळजवळ डोक्यावर असेल. अशा वेळी तीन गोष्टी बिघडतात. एक, ७०–३०० सारखी लेन्स सरळ वर रोखली की स्वतःच्या वजनाने हळूहळू आत सरकते आणि ३०० चं २२० कधी झालं कळत नाही. झूमचं आणि फोकसचं, दोन्ही कडी कापडी चिकटपट्टीने बांधा. साधी कागदी पट्टी त्या उन्हात गोंद सोडते. दोन, साध्या ट्रायपॉडचा दांडा मागे पायाला अडतो आणि कॅमेरा सत्तर अंशांपुढे जातच नाही. तीन, कॅमेऱ्याची डोळा लावायची खिडकी जमिनीकडे तोंड करून बसते, बघायला अक्षरशः पाठीवर झोपावं लागतं. वळणारा स्क्रीन नसेल तर मोबाइलवर चित्र दाखवणारं ॲप आधीच जोडून ठेवा.

सव्वासहा मिनिटांत सूर्य तीन व्यास सरकेल. चौकटीची लांब बाजू त्या सरकण्याच्या दिशेला ठेवा आणि सुरुवातीला सूर्य दीड व्यास अलीकडे धरा, म्हणजे मध्यावर तो मधोमध येईल आणि कॅमेऱ्याला मध्येच हात लावावा लागणार नाही. ग्रहणाआधी दीड तास उन्हात तापलेला काळा कॅमेरा बंद पडू शकतो. त्यावर पांढरा ओला पंचा नव्हे, कोरडा पंचा टाका. खग्रासच्या पाच मिनिटं आधी फोकस पुन्हा तपासा, तापल्याने तो सरकलेला असतो.

सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक विमानात हातातल्या बॅगेतच, ट्रायपॉड सामानात. ड्रोन नेऊ नका, इजिप्तमध्ये परवानगीशिवाय तो चालत नाही आणि विमानतळावरच अडकाल.

याचा सराव इथे पुण्यात करता येईल का? (बिबवेवाडी)

करता येतो, आणि अगदी त्याच कोनात. लक्सरचा अक्षांश पावणेसव्वीस, ग्रहणाच्या दिवशी सूर्याची क्रांती (विषुववृत्तापासून उत्तरेचं अंतर) सुमारे पावणेअठरा अंश. म्हणून माध्यान्हीला सूर्य डोक्यापासून आठ अंश दक्षिणेला असेल. पुण्याचा अक्षांश साडेअठरा. इथे सूर्य डोक्यापासून आठ अंश दक्षिणेला येतो तो १८ एप्रिलच्या आसपास. त्या आठवड्यात दुपारी साडेबाराला गच्चीवर ट्रायपॉड लावा. सूर्य तिथेच, तितक्याच उंचीवर, आणि पुण्याचं एप्रिलचं ऊनही लक्सरची चव देणारं. लेन्स घसरते का, ट्रायपॉड अडतो का, चिकटपट्टी टिकते का, तुम्ही स्वतः टिकता का, सगळं एका दुपारी कळेल. ही तारीख चुकवली तर मे महिन्यात सूर्य आणखी वर जातो आणि मग पावसाळा लागतो.

गाळणी लावून सगळा क्रम घड्याळ लावून करा. साथीदाराला मोठ्याने वेळ सांगायला लावा. दहा वेळा केल्यावर हात आपोआप चालतात. रात्री पौर्णिमेच्या चंद्रावर गाळणी न लावता हेच करा, कारण आतल्या प्रभामंडळाची चकाकी साधारण तेवढीच असते.

फोटो नको, नुसतं डोळ्यांनी बघायचं आहे. चष्मा नेमका कधी काढायचा आणि काय काय बघायचं? वय ७१. (औंध)

तुमचा बेत आम्हाला सर्वात आवडला. पंचांगातलेच शब्द वापरू : स्पर्श (ग्रहण लागतं), संमीलन (खग्रास सुरू), मध्य, उन्मीलन (खग्रास संपतं), मोक्ष (ग्रहण सुटतं). लक्सरला संमीलन स्थानिक वेळेनुसार दुपारी एक वाजून दोन मिनिटांच्या आसपास आहे, म्हणजे आपल्याकडचे साडेतीन. नेमके सेकंद तुमच्या जागेच्या अक्षांश-रेखांशावर ठरतात.

आडवं होऊन बघा. जाड सतरंजी, मानेखाली उशी, शेजारी छत्री. सूर्य डोक्यावर असताना खुर्चीत बसून मान मागे टाकली तर पाचव्या मिनिटाला चक्कर येईल. शेवटच्या पंधरा मिनिटांत ऊन विचित्र होतं, पिवळं न पडता करडं पडतं. सावल्यांच्या कडा एका बाजूला धारदार दिसू लागतात. पांढरी चादर जमिनीवर पसरून ठेवा. संमीलनाच्या मिनिटभर आधी तिच्यावर पाण्याच्या तळाशी उन्हाची जाळी हलते तसे फिकट पट्टे धावताना दिसू शकतात. दरवेळी दिसतातच असं नाही. तेवढ्यात पश्चिमेकडून अंधार चालून येतो.

चष्मा काढण्याचा नियम एकच. चष्म्यातून सूर्याची शेवटची रेघ पूर्ण दिसेनाशी झाली, अगदी काळोख झाला, की काढा. हिऱ्याची अंगठी (काळ्या चकतीच्या कडेला लखलखणारा सूर्याचा शेवटचा ठिपका) बघायच्या मोहात दोन सेकंद आधी काढू नका. उन्मीलनाच्या वेळी ती पुन्हा दिसणारच आहे. पहिल्या अर्ध्या मिनिटात पूर्वेच्या कडेला गुलाबी सौरज्वाला बघा. मग नजर मागे घ्या, प्रभामंडळ पूर्ण बघा, मग आणखी मागे, क्षितिजावर चहूबाजूंनी संध्याकाळसारखा नारिंगी उजेड असतो. सूर्यापासून काही अंशांवर शुक्र असेल. मधली दोन मिनिटं बायनॉक्युलर वापरा, या काळात गाळणी नको. साधा सात बाय पन्नासचा असला तरी प्रभामंडळातले धागे दिसतात. साथीदाराने पाच मिनिटं झाल्यावर ओरडून सांगायचं, तेव्हा बायनॉक्युलर खाली. पश्चिमेची कड उजळू लागली की चष्मा परत डोळ्यांवर.

आई विचारते, डब्यात दर्भ ठेवायचा का, आणि गरोदर सून ग्रहण बघू शकते का? (कसबा पेठ)

ग्रहणात सूर्यातून नवं काही बाहेर पडत नाही, उलट उजेड कमी होतो. अन्नाला धोका नाही, गर्भालाही नाही. सुनेला डोळ्यांचा नियम इतरांसारखाच लागू. दर्भ ठेवण्याने कुणाचं नुकसान नाही, तो आईंच्या समाधानाचा प्रश्न. मात्र वेध पाळून निर्जळी राहायचं असेल तर लक्सरच्या मोकळ्या मैदानावर नका राहू. चाळीस अंशांत तीन तास पाण्याशिवाय काढणं हाच त्या दिवशीचा खरा धोका आहे. माणशी तीन लिटर पाणी आणि मिठाचं काहीतरी जवळ ठेवा.

विजयदुर्ग किल्ल्यावर ग्रहणात हेलियमचा शोध लागला, हे खरं का? (शनिवार पेठ)

दोन ग्रहणांची गल्लत झाली आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते. सौरज्वालांच्या वर्णपटातल्या रेषा इतक्या झळझळीत आहेत की त्या ग्रहणाशिवायही दिसतील, हे त्यांच्या लक्षात आलं. नॉर्मन लॉकियर त्या वेळी इंग्लंडमध्ये होते आणि २० ऑक्टोबरला त्यांनी तिथूनच, ग्रहण नसताना, त्या रेषा पाहिल्या. त्यांतली पिवळी रेषा नव्या मूलद्रव्याची असावी हा तर्क पुढचा. लॉकियर विजयदुर्गला आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. किल्ल्यावर ‘साहेबाचा कट्टा’ म्हणून दाखवतात, तो या भेटीशी जोडला जातो. तोवर पृथ्वीवरही हेलियम सापडून तीन वर्षं झाली होती.

पुणेकरांनी लक्षात ठेवावं असं त्याच ग्रहणात दुसरं घडलं. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आपली उपकरणं घेऊन सोलापूरकडच्या रेल्वेमार्गावरच्या जेऊरला गेले. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही तिथेच होते. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या पुण्याच्या वेधशाळेत नायगमवालांकडे २० इंची परावर्ती दुर्बीण होती. ती वेधशाळा १९१२ मध्ये बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली.

इजिप्त जमणार नाही. भारतातूनच पुढचं कधी? (येरवडा)

२१ मे २०३१ ला कंकणाकृती ग्रहण केरळ-तमिळनाडूतून दिसेल. त्यात चष्मा एक क्षणही काढायचा नाही, कारण कंकण म्हणजे उघडा सूर्यच. खग्रास २० मार्च २०३४ ला, पट्टा काश्मीर-लडाखच्या भागावरून जातो. मार्चमध्ये तिथले घाट बर्फाने बंद असतात, म्हणून तेव्हा उन्हाच्या टोपीऐवजी लोकरीचे हातमोजे लागतील आणि बॅटऱ्या खिशात, अंगाशी धरून न्याव्या लागतील. थंडीत त्या निम्म्या वेळात उतरतात.